हेल्मेटला शिक्का आहे, गुण कुठे आहेत?

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात हेल्मेटसक्तीवरून जी खडाजंगी चालली आहे ती मी सकाळच्या चहाबरोबर नेमाने वाचते. मान आखडते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, पेठांमध्ये गाडीला वेगच कुठे असतो, आणि ठेवणीतला मुद्दा म्हणजे पोलिसांना पावत्या फाडायच्या आहेत. उलट बाजूने उत्तर ठरलेलं: जीव मोठा की केस? दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून एक प्रश्न मात्र कानाआड केला आहे. ते हेल्मेट डोक्यावर बसून नेमकं काय करतं, आणि आपण पैसे मोजून घेतलेलं हेल्मेट ते काम किती बरं करतं?

मी निवृत्त होईपर्यंत शासकीय तंत्रनिकेतनात अप्लाइड मेकॅनिक्स शिकवलं. आजही ॲक्टिव्हावरून भाजी आणते. त्यामुळे या विषयात दोन्ही अंगांनी बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजून हे पत्र जरा लांबलं तर चालवून घ्यावं.

आपल्याकडे या प्रश्नावर आयुष्य घालवलेला एक इंजिनिअर होऊन गेला. प्रा. दिनेश मोहन. १९६७ साली आयआयटी मुंबईतून मेकॅनिकलचे पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. केली. अमेरिकेत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंचावरून पडलेल्या मुलांच्या खऱ्या घटना घेतल्या, मूल कसं पडलं ते संगणकावर पुन्हा मांडलं आणि मुलाचं डोकं किती आघात सोसू शकतं याचा हिशेब केला. हा लेख १९७९चा. त्याच वर्षी ते दिल्लीच्या आयआयटीत आले. अपघातात सापडलेल्या दिल्लीच्या मोटरसायकलवाल्यांची हेल्मेटं आणि त्यांच्या डोक्याच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचं काम त्यांनी डॉक्टरांना सोबत घेऊन केलं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेचा रस्ते-अपघातांवरचा मोठा अहवाल निघाला, त्याच्या संपादकांत त्यांचं नाव आहे. २०२१च्या मे महिन्यात कोविडने ते गेले. पवईत शिकलेला हा माणूस पुण्यातल्या हेल्मेटच्या वादात एकदाही आठवला जात नाही. आपण केसांवर बोलतो.

आता थोडं गणित. घाबरू नये, अकरावीच्या पलीकडचं नाही.

स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून ते खाली आलं की जमिनीला टेकताना त्याचा उभा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. गाडी साठने चालली होती की उभी होती, याचा या उभ्या वेगाशी काही संबंध नाही. म्हणून ‘शहरात वेग कुठे असतो’ हे म्हणणं निम्मं निकालात निघतं. सिग्नलला उभ्या उभ्या कलंडलात तरी दीड मीटर ते दीडच मीटर.

पुढचा प्रश्न हा वेग किती अंतरात शून्यावर येतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, की सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या किती पट झालं ते मिळतं. उघडं डोकं डांबरावर पडलं आणि कातडी-हाड मिळून पाच मिलिमीटर दबलं असं धरा: दीड मीटर भागिले पाच मिलिमीटर म्हणजे ३०० पट. मध्ये हेल्मेटमधला थर्माकोल आला आणि तो पंचवीस मिलिमीटर चेपला, तर ६० पट. हेल्मेटचं निम्मं शास्त्र या एका भागाकारात आहे. बाहेरचं कवच चकचकीत असतं म्हणून आपण त्यालाच हेल्मेट समजतो. खरं काम आतला चेपणारा थर करतो, आणि तो एकदाच चेपतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसलं तरी त्या जागी त्याच्यात द्यायला काही उरलेलं नसतं.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी काहीतरी करायचं म्हणून मी दोन हेल्मेटं हॅकसॉने उभी चिरली. एक दुकानातून बिल घेऊन आणलेलं, दुसरं सिंहगड रस्त्याला दोरीवर टांगून विकतात त्यातलं. पहिल्याच्या आत बोटभर जाड, घट्ट दाण्यांचा थर, कपाळापासून मानेपर्यंत सलग. करवतीखाली त्याचे दाणे सुटे होत नव्हते, इतके ते एकमेकांत बसलेले. दुसऱ्याचं कवच निघालं बादलीच्या प्लास्टिकएवढं. आत मऊ स्पंज, कापड, आणि मागच्या बाजूला काहीच नाही, मोकळी जागा. तो स्पंज दोन बोटांत दाबला की बोटं एकमेकांना टेकतात. वर आयएसआयचा स्टिकर मात्र झोकात होता, आणि नखाने निघाला. १ जून २०२१पासून बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं हा गुन्हा आहे, आणि हे दोरीवरचे बाजार चौकीच्या नजरेच्या टप्प्यात भरतात. पावती मात्र फाटते ती विकत घेणाऱ्याची, आणि तीही न घातल्याची! घालून फिरला तर तो कायदा पाळणारा नागरिक.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो भाग पुढे आहे.

माणूस पडतो तो नुसता खाली पडत नाही, पुढेही जात असतो. म्हणजे डोकं रस्त्याला तिरकं लागतं, रस्ता कवचाला पकडतो आणि डोकं झटक्यात फिरतं. हे फिरणं कवटीपेक्षा मेंदूला जास्त नडतं. १९४३ साली ऑक्सफर्डच्या होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे मांडलं. त्याचं म्हणणं असं की मेंदू दाबला जात नाही, पाण्यासारखाच तो दाबाला दाद देत नाही. पण सरकवला की लगेच सरकतो. त्याने जिलेटिनचा मेंदू करून ते दाखवलं. आपल्या घरात पाहायचं तर खरवसाचं पातेलं घ्या आणि त्याला चटकन पीळ द्या. कडेचा खरवस पातेल्याबरोबर जातो, मधला जागच्या जागी राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये तो तडकतो. पातेल्याला पोचासुद्धा येत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेनारेली हे न्यूरोसर्जन आणि थिबो हे इंजिनिअर यांनी १९८२ साली याचा पुरावा दिला. डोक्यावर कुठेही न मारता, ते फक्त वेगाने फिरवून थांबवलं तरी माकडं बेशुद्ध झाली. बाजूच्या दिशेने फिरवलं तेव्हा सर्वांत जास्त वेळ. मेंदूत ठिकठिकाणी मज्जातंतूंचे धागे ताणून निकामी झालेले सापडले. त्या प्रयोगशाळेत प्राण्यांचे जे हाल झाले त्यावरून पुढे मोठं वादळ उठलं आणि ती बंद करावी लागली. योग्यच झालं, माझ्या मते. पण जे कळलं ते आता आपल्या हाती आहे, आणि ते वापरायचंही नाही हा दुहेरी अपराध होईल.

हे धाग्यांचं नुकसान किती फसवं असतं ते मी घरात पाहिलं आहे. माझे धाकटे दीर, भाऊजी, स्पीडब्रेकरपाशी पसरलेल्या खडीवरून घसरले. वेग अगदीच कमी. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. डोकं रस्त्याला लागायच्या आधीच हेल्मेट निघून गटाराकडे घरंगळत गेलं. कानाच्या वर टेंगूळ आणि गालाला खरचटलेलं, बाकी रक्ताचा थेंब नाही. स्कॅन चांगला आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी काही चुकीचं केलं नाही. कवटी फुटली आहे का, आत रक्त साचलं आहे का, हे स्कॅनला दिसतं आणि ते त्यांनी पाहिलं. ताणले गेलेले बारीक धागे त्या चित्रात बहुतेक वेळा येत नाहीत.

भाऊजी किराणा भुसारच्या पेढीवर हिशेब लिहायचे. उभ्या बेरजा बोट न टेकवता करायचे, आम्ही त्यांना गमतीने कॅल्क्युलेटर म्हणायचो. घरी आल्यावर महिन्याभराने खतावणी उघडून बसले तर एका पानावरून दुसऱ्या पानावर आकडा नेईपर्यंत विसरायचे. दिवाणखान्यात दोन माणसं एकदम बोलायला लागली की उठून आत जायचे. चिडायचे, मग चिडलो म्हणून रडायचे. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘नशीब थोर, काही झालं नाही!’ जाऊबाई ते ऐकून हसायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. पेढीच्या मालकांना वाटलं, माणूस टाळाटाळ करतो आहे. आमच्यापैकीही काहींना तसंच वाटलं. जखम दिसत नाही ना.

तेव्हा ‘डोक्याला खोक पडली नाही’ ही बातमी चांगली असली तरी पुरेशी नाही. आणि हेल्मेटची परीक्षा घेताना नुसतं ते सरळ खाली टाकून किती चेपतं एवढं पाहणं पुरेसं नाही. डोक्याच्या इजेचं जे माप जगभर वापरलं गेलं, ज्याची मर्यादा अमेरिकेने १९७२ साली १००० अशी ठरवली, ते सरळ आघाताचंच माप होतं. त्याचं मूळ डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठात आहे. तिथे लिसनर हे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि गर्डजियान हे न्यूरोसर्जन १९३९पासून एकत्र काम करत होते. मृतदेहांच्या कवट्यांना किती बल लावलं की तडा जातो, हे मोजण्यापासून त्यांनी सुरुवात केली. किळसवाणं वाटेल, पण आज मोटारीत एअरबॅग कधी आणि किती फुगावी हे त्या मापांच्या आधारावर ठरलं. तडा मोजायला ते माप उत्तम, पीळ मोजायला नाही.

पिळाचा विचार करून हेल्मेट सुधारणारे लोकही आहेत. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतले न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांनी हेल्मेटच्या आत एक निसरडा थर बसवला. कवच रस्त्याला अडकून फिरलं तरी डोकं त्याच्याबरोबर तेवढंच फिरत नाही, थोडं मागे राहतं. युरोपच्या २२.०६ या नव्या मानकात तर तिरक्या आघाताची चाचणीच घातली आहे.

पण मला सर्वांत जास्त भावलं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या प्रा. स्टीफन ड्यूमा यांचं काम, कारण त्यांनी निकाल स्वतःजवळ ठेवला नाही. २००३ साली त्यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या खेळाडूंच्या हेल्मेटांत संवेदक बसवले. हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे एकमेकांवर डोकी आपटायचा खेळ. प्रत्येक टक्कर किती जोराची, कुठल्या बाजूने, हे मैदानाच्या कडेला नोंदलं जाऊ लागलं. खेळाडूच्या डोक्याला प्रत्यक्षात काय आणि किती वेळा लागतं हे कळल्यावर त्याच प्रमाणात प्रयोगशाळेत हेल्मेटं आपटून पाहिली आणि २०११ साली यादी जाहीर केली: या मॉडेलला पाच तारे, याला तीन, याला एक. त्या वेळी भरपूर वापरात असलेल्या एका हेल्मेटला एकच तारा मिळाला. ती सगळी हेल्मेटं रीतसर पास झालेलीच होती. यादी पाहून संघांनी हेल्मेटं बदलली, उत्पादकांनी नवी मॉडेलं काढली. कायदा नाही, दंड नाही, पावती नाही. नुसती यादी.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने हेच मोटरसायकलच्या हेल्मेटांसाठी २००७पासून केलं आहे. शार्प असं त्या योजनेचं नाव. हेल्मेट दुकानातून विकत आणायचं, आपटायचं, कवचाचं घर्षण पाहायचं, एक ते पाच तारे द्यायचे आणि कोणालाही फुकट पाहता येईल असं ठेवायचं. महाग ते चांगलं असा त्या यादीचा कौल नाही.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३पासून मोटारींना भारत एनकॅप या टक्कर-चाचणी योजनेचे तारे मिळतात. दहा लाखांची गाडी घेणारा तारे मोजून घेतो, छानच. पण मरतं कोण? केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी यादी सर्वांत आधी हवी त्यांच्या हेल्मेटला फक्त शिक्का. शिक्का एवढंच सांगतो की हे पास झालं. पस्तीस गुणांनी की पंचाण्णवने, ते पेपर तपासणाऱ्यालाच माहीत. आयुष्यभर निकाल लावलेल्या बाईला हे पटणं कठीण आहे.

माझी मागणी सरळ आहे. महाराष्ट्रात हे काम करू शकणाऱ्या संस्थांची वानवा नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मुंबईत व्हीजेटीआय आणि मोहन सरांची आयआयटी आहे. खपाची पन्नास हेल्मेटं साध्या दुकानांतून, नाव न सांगता, बिल घेऊन विकत घ्यावीत. सरळ आणि तिरकी, दोन्ही आपटावीत. पट्टा ओढून पाहावा. लहान मुलांची मापंही घ्यावीत, कारण चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट बंधनकारक आहे आणि शाळेच्या दाराशी मी पाहते ती मुलं बापाचं हेल्मेट घालून आलेली असतात, हनुवटीखालून हात जाईल इतकं सैल. निकाल मराठीत, किमतीसकट जाहीर करावा. पैसे उत्पादकांकडून घेऊ नयेत. दंडाची जी रक्कम जमते तिच्यातला एक वाटा इथे वळवला तर पावती फाडण्यावरचा निम्मा राग तरी निवळेल.

हेल्मेटविरोधकांनाही एक सांगते, रागावू नका. हेल्मेटाने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो, हे वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली मांडलं गेलं आहे. घाम येतो हे खरं, एप्रिलात मलाही नकोसं होतं. मग वारा खेळेल असं हेल्मेट द्या म्हणून मोर्चा काढा की! सगळ्यांत पुढे मी असेन. हेल्मेटच नको हा मोर्चा कशासाठी?

आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. अपघाताच्या बातमीत ‘हेल्मेट नव्हते’ किंवा ‘हेल्मेट असूनही’ एवढंच छापून येतं. हे ‘असूनही’ फार नुकसान करतं. वाचणारा म्हणतो, बघा, घालूनही गेलाच. वार्ताहराने पोलिसांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: पट्टा लावलेला होता का, हेल्मेट डोक्यावर राहिलं की निघालं, आणि ते कुठल्या बाजूने घासलं किंवा फुटलं. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमातच हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असावं असं लिहिलं आहे, तेव्हा पंचनाम्यात ही नोंद असायला हरकत नसावी. वर्षभर अशा बातम्या छापल्या गेल्या, तर सीओईपीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यांवर प्रकल्प करता येईल.

यादीचं काम कुठल्याही महाविद्यालयाने हाती घेतलं तर वाचनं घ्यायला आणि नोंदवह्या भरायला मी विनामोबदला येईन. दुपारी दोन ते पाच मोकळी असते. चिरलेली दोन्ही हेल्मेटंही माझ्याकडे ठेवलेली आहेत, कोणाला मुलांना दाखवायला हवी असतील तर घेऊन जावीत. परत मात्र आणून द्यावीत.

आपली,
एक वाचक
(निवृत्त अधिव्याख्याता, अप्लाइड मेकॅनिक्स)
कर्वेनगर, पुणे